इंग्लंडमधली चर्च ऑफ इंग्लंड प्रायमरी शाळा: मूल्यं, वागणूक आणि मुलांची सुरक्षितता, मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न मला वर्षभर येत असतात, ऑगस्टमध्ये भारतातून नवीन कुटुंबं आली की जास्त, आणि मग परत ॲडमिशनची तारीख जवळ आली की. मी इथल्या एका चर्च ऑफ इंग्लंड प्रायमरीत पॅरेंट गव्हर्नर आहे, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळावरची पालकांची प्रतिनिधी. खालचं सगळं इंग्लंडपुरतं धरा, स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम बऱ्याच ठिकाणी वेगळे आहेत. आणि आधीच सांगून ठेवते, आपले लोक घाबरतात प्रार्थनेला, पण अडकतात शेंगदाण्यात, सुट्टीत आणि फटक्यात. म्हणून त्या उत्तरांना जास्त जागा दिलीय.

१. चर्चची शाळा म्हणजे आपल्याकडच्या कॉन्व्हेंटसारखी प्रायव्हेट का? फी किती असते?

फी नसते. सरकारी पैशावर चालणारी शाळा आहे, पुण्या-मुंबईच्या कॉन्व्हेंटचं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. झालं असं की सरकारने सगळ्या मुलांच्या शाळेचं मनावर घेतलं ते १८७० च्या कायद्याने, पण त्याच्या कितीतरी आधी, १८११ मध्ये, चर्चच्या लोकांनी नॅशनल सोसायटी काढून गरिबांच्या पोरांसाठी गावोगाव शाळा उघडायला सुरुवात केली होती, आणि पुढे सरकारने त्या बंद न करता आपल्या व्यवस्थेत घेतल्या. आज अशा ४,५०० च्या वर शाळा आहेत, बहुतेक प्रायमरी. कित्येक खेड्यांत तर हीच एक शाळा असते, त्यामुळे सगळ्या धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारी मुलं तिथेच जातात.

२. आम्ही हिंदू आहोत, ॲडमिशन मिळेल का?

मिळते. फक्त शाळा 'व्हीसी' आहे की 'व्हीए' ते बघा. व्हीसी म्हणजे व्हॉलंटरी कंट्रोल्ड, तिथे ॲडमिशनचे नियम कौन्सिल (इथली महानगरपालिका समजा) ठरवतं आणि बहुतेक वेळा अंतरावरच जागा मिळते. व्हीए म्हणजे व्हॉलंटरी एडेड, तिथे नियम शाळेचं गव्हर्निंग बोर्ड ठरवतं आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर चर्चला जाणाऱ्या कुटुंबांना आधी घेता येतं. ॲकॅडमी (सरकारी पैशावरचीच, पण कौन्सिलऐवजी ट्रस्ट चालवतो ती शाळा) असेल तर ट्रस्टचे नियम वाचा. जागा रिकामी असेल तर मात्र धर्माच्या कारणावरून कुणीच नाही म्हणू शकत नाही.

रिसेप्शनच्या, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांच्या पहिल्या वर्गाच्या, अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी आणि निकाल १६ एप्रिलला. व्हीए शाळा कधीकधी वेगळा सप्लिमेंटरी फॉर्म मागते, तो कौन्सिलच्या फॉर्मबरोबर जात नाही, शाळेलाच द्यावा लागतो, आणि लोक नेमके तिथेच चुकतात. ॲडमिशनपुरतं चर्चला जायला लागावं का असं बरेच जण हळूच विचारतात. माझं मत विचाराल तर नको, तुमच्या चार वर्षांच्या पोराला ते नाटक तुमच्यापेक्षा आधी कळेल.

३. शाळा चांगली आहे का हे ऑफस्टेडवरून बघायचं की आणखी काही?

दोन्ही बघा. ऑफस्टेड म्हणजे शाळा तपासणारी सरकारी संस्था, ती अभ्यास, वागणूक, सुरक्षितता तपासते. सप्टेंबर २०२४ पासून त्यांचा तो एका शब्दातला 'आउटस्टँडिंग' वगैरे शेरा बंद झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून रिपोर्ट कार्ड आलं, त्यात सेफगार्डिंगला (मुलांची सुरक्षितता, पुढे प्रश्न १२) वेगळं 'मेट' किंवा 'नॉट मेट' असं दिलेलं असतं. चर्चच्या शाळेची आणखी एक तपासणी होते, सियाम्स नावाची, शाळा स्वतःच्या मूल्यांप्रमाणे खरंच चालते का ते बघायला. सियाम्सचा रिपोर्ट कुणी वाचत नाही, पण शाळेतली माणसं एकमेकांशी कशी वागतात ते त्यातच जास्त कळतं.

४. रोज प्रार्थना असते म्हणतात. मुलांना नक्की काय करायला लावतात?

त्याला कलेक्टिव्ह वर्शिप म्हणतात, आणि ती फक्त चर्चच्या शाळेत असते असं नाही, १९४४ च्या कायद्यापासून सगळ्याच सरकारी शाळांना ती रोज घ्यावी लागते (बिगर चर्चच्या शाळा कितपत घेतात तो भाग वेगळा). साधारण पंधरा-वीस मिनिटं. मुलं हॉलमध्ये ओळीने खाली मांडी घालून बसतात, पुढे छोट्या टेबलावर कापड असतं, ॲडव्हेंट आणि लेंटच्या (नाताळ आणि ईस्टरच्या आधीच्या) दिवसांत जांभळं, त्यावर मेणबत्ती, हल्ली बऱ्याच ठिकाणी बॅटरीची. एक गोष्ट होते, एक गाणं होतं, मिनिटभर शांत बसतात आणि मग टीचर म्हणतात की मी आता एक प्रार्थना म्हणते, ज्यांना ती आपली वाटेल त्यांनी शेवटी आमेन म्हणा. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. चर्चचं स्वतःचंच धोरण आहे की कुणावर सक्ती करायची नाही, मूल नुसतं ऐकत बसलं तरी चालतं.

जाता जाता एक सांगते. ३० एप्रिलला चर्च ऑफ इंग्लंडच्या कॅलेंडरमध्ये आपल्या पंडिता रमाबाईंचं स्मरण असतं, केडगावच्या मुक्ती मिशनवाल्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इथल्याच वाँटेज गावी झाला. शाळेला हे बहुतेक माहीत नसतं, टीचरला सांगून बघा, अशा गोष्टी त्यांना हव्याच असतात.

५. आम्हाला नको असेल तर मुलाला त्यातून काढता येतं का?

हो, प्रार्थनेतून आणि आरईच्या (रिलिजस एज्युकेशन, धर्मांची ओळख) तासातूनही, पूर्ण किंवा थोडं, आणि कारण द्यावं लागत नाही. हेडटीचरला लेखी कळवा. तेवढा वेळ मुलाकडे बघायची जबाबदारी शाळेचीच. फक्त काढायच्या आधी एकदा आरईचा अभ्यासक्रम बघून घ्या, ख्रिस्ती धर्माला जास्त वेळ असतो पण त्यात हिंदू धर्मही असतो आणि दिवाळीच्या धड्याला वर्गातलं एकमेव हिंदू पोर बाहेर बसलंय हे काही बरं दिसत नाही.

६. भिंतीवर 'कम्पॅशन', 'फर्गिव्हनेस' असं लिहिलंय आणि दुसऱ्या बोर्डावर 'ब्रिटिश व्हॅल्यूज'. हे दोन वेगळं आहे का?

वेगळं आहे. पहिली शाळेची स्वतःची ख्रिस्ती मूल्यं, प्रत्येक शाळा आपापली निवडते, कुणाची चार, कुणाची सहा, आणि त्यांच्या मुळाशी बायबलमधली एखादी ओळ असते. बऱ्याचदा दर हाफ टर्मला (अर्ध्या सत्राला) एक मूल्य घेतात आणि ते वागताना कोण दिसलं त्याला शुक्रवारी सर्टिफिकेट. ब्रिटिश व्हॅल्यूज मात्र सरकारी आहेत आणि सगळ्या शाळांना सारख्याच: लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, आणि वेगळ्या धर्माच्या माणसांबद्दल आदर आणि सहिष्णुता. २०१४ पासून शाळांना ती शिकवावीच लागतात. नागरिकशास्त्राचं पहिलं पान समजा.

७. मारत नाहीत मग शिस्त लावतात कशी? पोरं ऐकतात?

सरकारी शाळांत छडी १९८७ मध्येच बंद झाली. आता सगळा खेळ ठरलेल्या पायऱ्यांचा असतो: आधी नजर, मग एकदा आठवण, मग जागा बदलणे, मग प्लेटाइमची काही मिनिटं गेली, मग हेडटीचर आणि घरी फोन. चांगल्या वागण्याला हाऊस पॉइंट. शाळेचं बिहेव्हियर धोरण वेबसाइटवर असायलाच लागतं, आणि ते वाचण्यासारखं असतं कारण पुढे भांडण झालं तर बोट त्याच कागदावर ठेवायचं असतं. मूल कुणाला इजा करणार असेल तर टीचर त्याला धरून थांबवू शकतात, तेवढं बळ वापरायची कायद्याने परवानगी आहे, पण शिक्षा म्हणून हात लावायची नाही.

एखाद्या मुलाला ऑटिझम किंवा एडीएचडी असेल तर त्याच चुकीला वेगळी वागणूक मिळते आणि बाकीच्या पालकांना वाटतं की पक्षपात चाललाय. तसं नसतं, तिथे सेन्को (विशेष गरजा असलेल्या मुलांची जबाबदारी असलेल्या) टीचरनी त्या मुलाचा वेगळा प्लॅन केलेला असतो.

८. क्षमा क्षमा करतात म्हणजे मारणाऱ्या मुलाला सोडून देतात का? माझ्या मुलाला 'सॉरी' ऐकून गप्प बसायला सांगितलं.

हा प्रश्न रागात येतो आणि राग समजू शकते. क्षमा आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, चांगली शाळा दोन्ही करते. दोघांना बसवून विचारतात की काय झालं, कुणाला लागलं, कुणाला काय वाटलं, आता हे नीट करायला काय करायचं. यात तुमच्या मुलाने 'माफ केलं' म्हणायलाच पाहिजे अशी सक्ती कुणी करू नये, केली असेल तर हेडटीचरला सरळ सांगा की हे तुमच्याच मूल्यात बसत नाही. आणि मारणाऱ्याला धोरणाप्रमाणे जे व्हायचं ते व्हायलाच हवं.

पण त्याला नक्की काय शिक्षा झाली हे शाळा तुम्हाला सांगणार नाही, कितीही वेळा विचारलं तरी. दुसऱ्याच्या मुलाची माहिती आहे ती. त्यापेक्षा असं विचारा: उद्या प्लेटाइमला माझ्या मुलाकडे कोण लक्ष देणार? याचं उत्तर त्यांना द्यावंच लागतं.

९. डब्याला वास येतो, नाव विचित्र आहे असं म्हणून चिडवतात. तक्रार करावी की जाऊ दे म्हणावं?

जाऊ दे म्हणू नका. एकदाच झालं तरी सांगा, वारंवार झालं तर ते बुलिंग, आणि नावावरून, रंगावरून, डब्यावरून असेल तर शाळा ते वांशिक प्रकार म्हणून वेगळं नोंदवते. ईमेल करा, तारीख आणि नेमके शब्द लिहा, गेटवर टीचरला घाईत सांगितलेलं हवेत जातं. बुलिंग थांबवायचे उपाय धोरणात असणं प्रत्येक शाळेला २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शाळेबाहेर किंवा फोनवर झालेल्यावरही शाळा कारवाई करू शकते, फोनचं पुढे प्रश्न २० मध्ये.

१०. आणि उलट झालं तर? आमच्या मुलाने मॅचनंतर एका मुस्लिम मुलाला काहीतरी ऐकवलं, आता शाळेने बोलावलंय.

जा, आणि 'मुलंच आहेत' या वाक्याने सुरुवात करू नका. सात वर्षांचं पोर असलं वाक्य स्वतः तयार करत नाही, ते कुठून आलं हे शाळेला कळतं आणि तुम्हालाही. शाळा नोंद करेल, त्या मुलाशी बोलणं घडवून आणेल, आणि घरात काय बोललं जातं याचा अंदाज घेईल. प्रिव्हेंटचं (लोकांना अतिरेकी विचारांकडे वळण्यापासून रोखायची सरकारी योजना) नाव ऐकून लोक हादरतात, २०१५ च्या कायद्याने शाळांवर ती जबाबदारी आहे हे खरं, पण एका वाक्यावरून कुणी तुम्हाला अतिरेकी ठरवत नाही. वारंवार आणि ठरवून होत असेल तर गोष्ट वेगळी. टीव्हीसमोर आपण काय बोलतो ते सोफ्यामागे बसलेलं कार्टं ऐकत असतं एवढं लक्षात ठेवा.

११. सस्पेंड करू शकतात का एवढ्याशा मुलाला?

करू शकतात, पण फक्त हेडटीचर, कारण लेखी देऊन, आणि वर्षाला जास्तीत जास्त ४५ दिवस. पहिले पाच दिवस अभ्यास शाळा पाठवते आणि त्या वेळात मूल बाहेर बाजारात फिरताना दिसणार नाही ही जबाबदारी तुमची. 'आज जरा लवकर घेऊन जा, त्याचा मूड ठीक नाही' असं तोंडी सांगून वागणुकीसाठी घरी पाठवणं बेकायदा आहे. तसं झालं तर शांतपणे म्हणा की लेखी द्या.

१२. सेफगार्डिंग सेफगार्डिंग म्हणतात ते नक्की काय? आणि हे 'डीएसएल' कोण?

मुलाला घरी, शाळेत, रस्त्यावर, ऑनलाइन, कुठेही धोका असेल तर तो वेळेत दिसावा यासाठीची सगळी व्यवस्था. गेटचं कुलूप, ऑफिसमध्ये सही करून गळ्यात घालायचा रंगीत पट्टा, काळजी वाटली तर कुणाला सांगायचं त्यांचा टॉयलेटच्या दारावरचा फोटो, सगळं त्यातच आलं. सरकारची त्यावर 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' नावाची मार्गदर्शिका असते, बहुतेक दर सप्टेंबरला नवी आवृत्ती येते आणि स्टाफमधल्या प्रत्येकाला, अगदी लंचच्या बाईंनासुद्धा, ती किंवा तिचा संक्षेप वाचावा लागतो. चर्चच्या शाळेला यात कुठलीही वेगळी सूट किंवा वेगळा नियम नाही.

डीएसएल म्हणजे डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीड, या सगळ्याची मुख्य जबाबदारी असलेली व्यक्ती, बऱ्याच ठिकाणी हेडटीचर किंवा डेप्युटी. फोटो शाळेच्या ऑफिसजवळच्या भिंतीवर असतो. तुम्हाला दुसऱ्या एखाद्या मुलाबद्दल काळजी वाटली तर यांनाच सांगायचं, ग्रुपवर नाही. शाळेबाहेर सांगायचं असेल तर एनएसपीसीसी या मुलांच्या संरक्षणासाठीच्या संस्थेची हेल्पलाइन ०८०८ ८०० ५०००, आणि मुलांनी स्वतः फोन करायची चाइल्डलाइन ०८०० ११११.

१३. घरी एखादा फटका दिला तर खरंच मुलं घेऊन जातात का? खूप घाबरवतात लोक.

एका फटक्यावरून कुणी मूल उचलून नेत नाही. पण एवढ्यावर निर्धास्तही होऊ नका. इंग्लंडमध्ये आईबापांना 'रीझनेबल पनिशमेंट' असा बचाव अजून आहे (स्कॉटलंडने तो २०२० मध्ये काढला, वेल्सने २०२२ मध्ये), पण वळ उठला, निळं पडलं, पट्टा, लाटणं असलं काही वापरलं तर त्या बचावाचा काही उपयोग होत नाही. आणि शाळेला कायदा तपासत बसायचा नसतो, मूल काय म्हणालं ते फक्त लिहून पुढे द्यायचं असतं.

म्हणजे होतं काय ते बघा. मूल टीचरला सांगतं की बाबांनी मारलं. टीचर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊच शकत नाहीत. त्या खोदून प्रश्न विचारत नाहीत, मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहितात आणि त्याच दिवशी डीएसएलला देतात. डीएसएल जुन्या नोंदी बघतात. साधारणपणे तुम्हाला फोन येतो, पण तुम्हाला सांगितल्याने मुलाचा धोका वाढेल असं वाटलं तर न सांगता थेट कौन्सिलला कळवतात. कौन्सिलला कळवलं की एका कामाच्या दिवसात ते ठरवतात पुढे काय करायचं, काहीच नाही, थोडी मदत, की पूर्ण असेसमेंट. असेसमेंटला जास्तीत जास्त ४५ कामाचे दिवस. सोशल वर्कर घरी येतात, मुलाची खोली बघतात, मुलाशी एकट्याशी बोलतात.

फोन आला तर खरं सांगा. पोराला आदल्या रात्री पढवून पाठवू नका, ते सगळ्यात महागात पडतं, कारण मूल दुसऱ्या दिवशी टीचरला तेही सांगतं.

१४. मुलीने वर्गात सांगितलं की आई म्हणते तंगडं तोडून हातात देईन. मी गमतीत म्हणाले होते! आता काय?

आपल्या आयांचं निम्मं बोलणं इंग्रजीत नेलं तर पोलीस बोलवावे लागतील. जीव घेईन, थोबाड फोडीन, बुवाला देऊन टाकीन. मूल ते शब्दशः सांगतं आणि टीचर ते शब्दशः लिहितात, वर सांगितलं तसं. यावरून एक फोन येईल, तुम्ही समजावून सांगाल, नोंद तशीच राहील पण पुढे काही होणार नाही, जर मूल हसत सांगत असेल तर. मूल घाबरून सांगत असेल तर मग ते 'गमतीत' होतं का हे आपणच एकदा बघायला हवं.

१५. मुलाच्या कमरेवर जन्मापासून निळसर डाग आहेत, नर्सरीत विचारत होते. सांगायचं काय?

आपल्याकडच्या बाळांना पाठीवर, ढुंगणावर असे निळे-करडे डाग बरेचदा असतात, बहुतेक चार-पाच वर्षांपर्यंत जातात. न बघितलेल्या माणसाला ते मुका मार लागल्यासारखे दिसतात. जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा हेल्थ व्हिजिटरकडून (लहान मुलांना बघणारी नर्स) रेड बुकमध्ये (बाळाच्या तब्येतीचं पुस्तक) नोंद करून घ्या आणि शाळेला पहिल्या आठवड्यातच दाखवा. आधी सांगितलं की प्रश्नच येत नाही.

१६. डब्यात काय द्यायचं नाही? शेंगदाण्याची चटणी तरी?

चटणी नाही. बहुतेक प्रायमरी 'नट फ्री' असतात, आणि आपला घोटाळा असा की शेंगदाणा आपल्याला दिसतच नाही. कूट भाजीत असतो, कोशिंबिरीत असतो, साबुदाण्याच्या खिचडीत असतो, चिक्की आणि लाडू तर सोडाच. उपासाच्या दिवशी खिचडीचा डबा गेला आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला ॲलर्जी असेल तर ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ येते, हे मी वाढवून सांगत नाहीये. काजू-बदामही नाही. तीळसुद्धा इथल्या १४ ॲलर्जनच्या यादीत आहे, म्हणून संक्रांतीला तिळगूळ वाटायचा उत्साह असेल तर आधी ऑफिसला विचारा. वाढदिवसाला घरचे बेसन लाडू पाठवू नका, बऱ्याच शाळा लेबल असलेला दुकानातला खाऊच घेतात, काही तोही घेत नाहीत.

पराठा, इडली, पोळीचा रोल, घावन, दहीभात सगळं चालतं. वासावरून चिडवण्याबद्दल प्रश्न ९.

१७. आजी-आजोबा आलेत, ते मुलाला आणायला जाऊ शकतात ना? आणि मूल एकटं कधी येऊ शकतं?

जाऊ शकतात, पण त्यांची नावं शाळेच्या यादीत हवीत. नाहीतर टीचर मुलाचा हात सोडणार नाहीत आणि आजोबांना वाटेल की आपला अपमान झाला. पहिल्या दिवशी स्वतः बरोबर जाऊन ओळख करून द्या, पासवर्ड असेल तर तो आजोबांना पाठ करायला लावा. शेजारच्या काकूंना अचानक पाठवायचं झालं तर ऑफिसला फोन करूनच.

एकटं यायचं वय कायद्यात लिहिलेलं नाही. बहुतेक शाळा इयर ५ किंवा ६ पासून (नऊ-दहा वर्षांपासून) लेखी परवानगीवर सोडतात.

१८. भारतात जायचंय, दोन आठवडे आधी सुट्टी घेतली तर? आणि गणपती-दिवाळीची?

स्वस्त तिकीट हे 'अपवादात्मक कारण' नाही, हेडटीचर नाहीच म्हणतील. दहा शाळेच्या आठवड्यांत दहा सेशन, म्हणजे पाच दिवस, विनापरवानगी गेले की दंडाचा विचार होतो. ऑगस्ट २०२४ पासून दंड १६० पाउंड, २१ दिवसांत भरला तर ८०. हा प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे. आईबाप दोघं आणि मुलं दोन तर लवकर भरूनसुद्धा ३२० झाले. तीन वर्षांत त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा झालं तर सवलत नाही, सरळ १६०, आणि तिसऱ्यांदा दंडाऐवजी कोर्टापर्यंत जाऊ शकतं. पाच वर्षं पूर्ण झाल्यानंतरची टर्म सुरू होईपर्यंत शाळा सक्तीची नसते, त्यामुळे रिसेप्शनमधल्या, अजून त्या वयात न आलेल्या छोट्यांना दंड नाही. आजारी आहे असं खोटं सांगून जाऊ नका, मूल परत आल्यावर मामाच्या गावची गोष्ट पूर्ण वर्गाला सांगतंच.

कुणी गेलं आणि धावपळीत निघावं लागलं तर तसं सांगा, अशा वेळी बरेच हेडटीचर माणुसकीने वागतात.

सणाचं वेगळं. धर्माने ठरवलेल्या सणाच्या दिवसाला परवानगी मिळते, हजेरीत त्याचा वेगळा कोड आहे, पण एका सणाला साधारण एक दिवस, म्हणजे लक्ष्मीपूजन मिळेल, पाचही दिवस नाही. दहा दिवस गणपती बसवत असाल तर शाळा सुटल्यावरची आरती धरा. कधीकधी दिवाळी ऑक्टोबरच्या हाफ टर्मच्या सुट्टीतच पडते, ते वर्ष आपलं.

१९. कानातले, गंध, करगोटा, मुंजीनंतरचं गोटा डोकं, हे सगळं चालतं का?

कानात छोटे टॉप्स बहुतेक ठिकाणी चालतात, पीईला (खेळाच्या तासाला) काढावे लागतात. नवीन टोचलेलं भोक काही आठवडे रिकामं ठेवता येत नाही म्हणून कान टोचायचे तर जुलैअखेर, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी. बांगड्या आणि साखळी नाही. गंध-टिकलीला सहसा कुणी काही म्हणत नाही. करगोटा पीईला कपडे बदलताना दिसतो, आधी एक ओळ कळवून ठेवा. मुंजीचंही तसंच: केसांचा नियम असला तरी धार्मिक कारण असेल तर शाळेला इक्वॅलिटी ॲक्टचा (समानतेच्या कायद्याचा) विचार करावा लागतो, आणि वर्गाला टीचरनी आधी दोन वाक्यांत सांगितलं तर शेंडीवरून चिडवाचिडवी कमी होते. नॅटिव्हिटीत (नाताळच्या येशूजन्माच्या नाटकात) मेंढपाळ व्हायचं असेल तर डोक्याला फडकं असतंच.

२०. इयर ६ च्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आमच्या मुलीला घेऊ का?

व्हॉट्सॲपचं इथलं किमान वय १३ आहे आणि इयर ६ ची मुलं १०-११ ची. शाळेत फोन बंदच असतात, पण रात्री त्या ग्रुपवर जे चालतं ते सकाळी वर्गात येतं. माझं उत्तर नाही असंच आहे. घेतलंत तर फोन तिच्या खोलीत झोपायला जाणार नाही एवढं तरी बघा.

२१. नॅटिव्हिटीचे फोटो आजीला भारतात पाठवले तर काय बिघडलं?

आजीला पाठवलेला तुमच्या मुलाचा फोटो वेगळा आणि फेसबुकवर टाकलेला अख्ख्या स्टेजचा वेगळा. त्या स्टेजवर एखादं दत्तक किंवा फॉस्टर केअरमधलं (कौन्सिलने दुसऱ्या कुटुंबात ठेवलेलं) मूल असतं, ते कुठे आहे हे त्याच्या मूळ घरातल्या कुणाला कळणं धोक्याचं असू शकतं, आणि ते मूल कोणतं हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. म्हणून शाळा सगळ्यांनाच नाही म्हणते.

२२. मला वर्गात मदत करायला जायचंय, डीबीएस लागतं का?

डीबीएस म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीची सरकारी तपासणी. नियमित जाणार असाल तर बहुतेक शाळा ती करून घेतात, व्हॉलंटियरला फुकट असतं. एखाद्या दिवशी दिवाळीची रांगोळी दाखवायला गेलात तर सहसा लागत नाही, टीचर बरोबर असतातच. नोकरी करायची असेल आणि भारतात राहिला असाल तर तिथलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात, ते आधीच काढून ठेवा, वेळ लागतो.

२३. 'रिलेशनशिप एज्युकेशन' चालू होणार अशी चिठ्ठी आलीय, यातून काढता येतं का?

रिलेशनशिप एज्युकेशनमधून नाही, ते २०२० पासून सगळ्या प्रायमरींना सक्तीचं. मैत्री, कुटुंबाचे प्रकार, आपल्या शरीराला कुणी हात लावला तर नाही म्हणायचं आणि सांगायचं, हे त्यात असतं. शाळेने त्यावर वेगळं सेक्स एज्युकेशन ठेवलं असेल तर त्यातून काढता येतं, सायन्समधलं मात्र नाही. मी तर म्हणेन शरीराच्या अवयवांची नावं पोराला यायलाच हवीत, कुणाला काही सांगायची वेळ आली तर 'शू ची जागा' म्हणून इथल्या टीचरला काय कळणार?

२४. टीचरबद्दलच तक्रार असेल तर? व्हिकारकडे जायचं का?

अभ्यास-वागणुकीची तक्रार आधी टीचर, मग हेडटीचर, मग चेअर ऑफ गव्हर्नर्सना लेखी. व्हिकार (गावच्या चर्चचे धर्मगुरू) बऱ्याचदा गव्हर्नर असतात, पण ते तक्रार खिडकी नाहीत. मोठ्या माणसाने मुलाला इजा केली किंवा चुकीचं वागला असं वाटत असेल तर थेट हेडटीचरकडे, आणि हेडटीचरबद्दलच असेल तर चेअरकडे. ते कौन्सिलच्या लाडो नावाच्या, मुलांबरोबर काम करणाऱ्यांविरुद्धचे आरोप बघणाऱ्या अधिकाऱ्याला कळवतात, तुम्ही स्वतःही कळवू शकता. गव्हर्नर ओळखीचा आहे म्हणून त्याला आधी सगळं फोनवर सांगू नका, पुढे अपील ऐकायला बसायचं झालं तर त्याला बसता येत नाही. मलाही नाही.

२५. मिस्टरांच्या चुलत भावाचा मुलगा वर्षभर आमच्याकडे राहून इथे शिकणार आहे. घरचंच पोर आहे, शाळेला फक्त पत्ता दिला की झालं ना?

नाही झालं, आणि हे आपल्या लोकांना खरंच माहीत नसतं. सोळा वर्षांखालचं मूल आईबाप किंवा जवळच्या नातेवाइकाशिवाय दुसऱ्या कुणाकडे २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर तो कायद्याने 'प्रायव्हेट फॉस्टरिंग' होतो आणि कौन्सिलला कळवावं लागतं, शक्यतो सहा आठवडे आधी. जवळचे म्हणजे आजी-आजोबा, भाऊ-बहीण, सख्खे काका-काकू, मामा-मामी, मावशी, आत्या, सावत्र आईवडील. चुलत, मावस, आते, मामे हे आपल्या लेखी घरचे, पण या यादीत नाहीत. तुमच्या मिस्टरांना तो पोरगा काका म्हणत असला तरी ते त्याचे वडिलांकडून चुलत काका झाले.

कळवलं की सोशल वर्कर घर बघायला येतात, मुलाशी बोलतात, अधूनमधून भेट देतात, परवानगी मिळत नाही असं नसतं. त्याच्या व्हिसाचा प्रश्न वेगळा, तो आधी सोडवा, शाळेत नाव घातल्याने तो सुटत नाही. शाळेला कळलं तर त्यांना कौन्सिलला सांगावंच लागतं, म्हणून त्यांच्या आधी तुम्ही सांगा. डॉक्टरकडे, ट्रिपच्या फॉर्मवर सही कोण करणार हे त्याच्या आईवडिलांकडून लेखी घेऊन ठेवा, आणि त्यांचा भारतातला नंबर शाळेच्या कॉन्टॅक्टमध्ये तुमच्या नंबराखाली घाला.